माणसाला ओढणारा पतंग घरात आणण्याआधी

बडोद्यातल्या मराठी घरांना पतंग शिकवावा लागत नाही. १४ जानेवारीला सकाळीच धाब्यावर चढायचं, तिळगूळ आणि उंधियु दोन्ही वरच मागवायचं, दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणालाही कामाला दांडी मारायची आणि ‘काप्यो छे’ ओरडताना आपण मराठी की गुजराती हे विसरून जायचं. दांडियाबाजार-रावपुऱ्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यामुळे पॉवर काइट, म्हणजे माणसाला जागचा हलवणारा कापडी पतंग, पाहिला की इथल्या माणसाला वाटतं, हे तर आपलंच काम.

गडबड तिथेच होते. उत्तरायणाने हाताला लावलेली सवय अशी, की पतंगाने ओढ घेतली की आपणही खेचायचं, आणि दोर हातून सुटला म्हणजे हरलो. या पतंगाशी खेळताना पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट म्हणजे हातातलं सोडून देणं. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांना आपण पतंगबाज आहोत असं वाटतं त्या पुरुषमंडळींना, हे जमेपर्यंत पुढचं काहीही करू नये. खाली लिहिलंय ते सगळं या एका सवयीभोवती फिरतं.

आमच्याकडे हे खूळ मुलीने आणलं. पतंगमहोत्सवात आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी एकाला दोन हातांत दोन मुठी धरून, टाचा रोवून मागे रेललेलं तिने पाहिलं आणि घरी येऊन युट्यूब उघडलं. महिन्याभरात वडील, धाकटा आणि ‘मी नुसती बघायला येते’ म्हणणाऱ्या आजी, सगळेच त्यात होते. आता रविवारचे बेत हवामान पाहून ठरतात आणि लग्नाच्या आमंत्रणाला ‘वारा नसेल तर येतो’ असं उत्तर जातं. लागण झाली की एवढं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

पतंग कसा असतो आणि का ओढतो

याला कामट्या नसतात. रिपस्टॉप, म्हणजे चीर पुढे न वाढू देणाऱ्या, नायलॉनचे दोन थर, मध्ये उभे कापडी पडदे, त्यामुळे कप्पे कप्पे झालेले, आणि पुढच्या कडेला या कप्प्यांची तोंडं उघडी. वारा आत शिरला की पतंग फुगतो आणि त्याला पंखाचा आकार येतो. अमेरिकेतल्या डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात या रचनेचं पेटंट घेतलं. पॅराग्लायडरही त्याच घराण्यातला. पतंगाकडून गाडी ओढून घ्यायची कल्पना मात्र खूप जुनी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. टोल घोड्यांवर आकारला जायचा आणि या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे ती फुकट सुटायची, असं सांगतात. बडोदेकर व्यापाऱ्याला हे नक्की आवडेल.

आता ओढीचं गणित. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्यासमोर अर्धवट कापलेला घुमट आहे असं समजा, आणि त्यावर घड्याळ मांडा. डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीलगत ९, उजव्या हाताला ३. या कडांवर पतंग शांत उभा राहतो, ओढ कमी असते. अगदी समोर, मधोमध आणि खाली, हा जोराचा पट्टा. पतंग तिथून सपकन आडवा गेला की त्याला लागणारा वारा खऱ्या वाऱ्याच्या कितीतरी पट होतो. आणि जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट, तिप्पट तर नऊपट. १२ च्या जागी मुलगा एका हाताने धरू शकेल असा पतंग त्याच वाऱ्यात पट्ट्यातून गेला तर मोठ्या माणसाला पालथा पाडतो, त्याचं कारण हे. ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात ‘काही दम नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्याने २४ च्या वाऱ्यात तोच पतंग धरताना हा चौपटीचा हिशोब आठवावा.

काय विकत घ्यायचं

दोन दोऱ्यांचा आणि चार दोऱ्यांचा, असे मुख्य दोन प्रकार. दोन दोऱ्यांचा स्वस्त, सुटसुटीत, मुलांना लगेच जमणारा. उजवं खेचलं की उजवीकडे, डावं खेचलं की डावीकडे. पण त्याला ब्रेक नसतो. चार दोऱ्यांच्या पतंगात वरच्या दोन दोऱ्या जोर पेलतात आणि खालच्या दोन पतंगाच्या मागच्या कडेला बांधलेल्या असतात. त्या ओढल्या की पतंग मंदावतो, मागे सरकत खाली येतो. याच ब्रेकच्या दोऱ्यांना मनगटावरचे पट्टे जोडलेले असतात. त्यांना सगळे ‘किलर’च म्हणतात. हातातल्या मुठी सोडल्या की सगळा ताण एकदम ब्रेकवर येतो, पतंगाची हवा जाते आणि तो फडफडत खाली बसतो. तुम्ही सोडलं, पण पतंग पळून गेला नाही. कुटुंबासाठी माझं मत स्पष्ट आहे. मोठ्यांनी चार दोऱ्यांचा, किलरसकटच घ्यावा. किलर वेगळे विकत घ्यावे लागत असतील तर पतंगाच्या आधी ते घ्या.

मापाबद्दल एक फसगत. दोन दोऱ्यांच्या छोट्या पतंगांवर १.३, १.८ असे आकडे असतात, ते बहुतेक वेळा मीटरमधली रुंदी सांगतात. चार दोऱ्यांच्या पतंगांवरचे २, ३, ४ हे आकडे चौरस मीटर क्षेत्रफळाचे. दोन्ही एकाच पट्टीने मोजू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलाला १.३ मीटर रुंदीचा दोन दोऱ्यांचा पुरतो. मोठ्यांना सुरुवातीला २ ते ३ चौरस मीटर. दुकानदार किंवा उत्साही मेव्हणा ‘पुढे लहान पडेल, ५ घे’ म्हणेल. घेऊ नका.

हे पतंग बहुतेक बाहेरूनच मागवावे लागतात, त्यामुळे किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरून चाला. जुना मिळाला तर वाईट नाही, पण कापड तोंडाशी लावून फुंकून बघा. हवा सहज आरपार जात असेल तर कापडाचा लेप गेलाय, पतंग नीट फुगणार नाही. दोऱ्या बोटांतून सरकवत जा, कुठे केसाळ लागली तर दोऱ्यांचा संच नवा घ्यावा लागेल. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणा. वापरून जोराच्या दोऱ्या ब्रेकच्या दोऱ्यांपेक्षा लांबतात, आणि मग पतंग कायम अर्धवट ब्रेक लावल्यासारखा उडतो.

बाकी सामान थोडकं. सायकलचं हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट, गुडघ्याचे पॅड, धुळीसाठी चष्मा, जमिनीत ठोकायची एक मजबूत खुंटी आणि हातात धरायचा वारामापक. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी गाडीत ठेवून यायची. यावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

जागा शोधणं हेच अर्धं काम

शहरातल्या माणसाला मैदान म्हटलं की पोलो ग्राउंड आणि नवलखी आठवतं. मोकळं दिसतं, पण भोवती झाडं, भिंती, इमारती. अडथळ्याला वळसा घालून आलेला वारा त्याच्या मागे बराच लांबपर्यंत घुसळलेला असतो. उंचीच्या दहापट अंतर तरी सोडावं, म्हणजे १५ मीटरच्या इमारतीमागे दीडशे मीटर वारा नासलेला समजा. शिवाय तिथे क्रिकेट असतं, फिरणारे असतात. २५ मीटरच्या ताणलेल्या चार दोऱ्या आणि पळत सुटलेला क्षेत्ररक्षक ही जोडी जमवायची नाही.

बाहेर पडा. पादरा, डभोईच्या बाजूला पीक निघाल्यावरची सपाट रानं मिळतात. मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि कापूस किंवा तुरीची खोडं उभी असतील ते शेत सोडून द्यायचं, कारण पतंगाच्या बारीक दोऱ्या त्यांत अडकून फाटतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पतंग ज्या दिशेला ओढेल तिकडे, किमान १०० मीटर काहीही नको. रस्ता, विहीर, काटेरी कुंपण, गुरं, काहीच नाही. विजेच्या तारा तर नजरेच्या टप्प्यातही नकोत.

महीच्या काठी सिंधरोट-फाजलपूरकडे वाळू बघून मोह होतो. माझा नियम असा की वारा पाण्याकडे वाहत असेल तर पिशवी उघडायचीच नाही. खंभातच्या आखाताचा चिखल तर सोडूनच द्या. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो आणि पाणी सपाटीवरून चालत्या माणसाला गाठतं. कच्छच्या छोट्या रणाचे फोटो बघून ‘अरे, हे तर यासाठीच केलंय’ असं वाटतं, पण ते घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य आहे. खेळायची खरी चैन करायची तर कच्छमधल्या मांडवीचा किनारा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दीपासून लांब.

हरणीच्या विमानतळाच्या परिसरात हा उद्योग करायचा नाही, हे सांगायला नको. गंमत म्हणजे १९३४ च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडरबरोबर पतंगही धरला होता.

वारा कधी

इथे उत्तरायणाचं गणित उलटतं. जानेवारीचा बडोद्याचा वारा कागदी पतंगाला पुरतो, याला बऱ्याचदा पुरत नाही. आपला मोसम मार्चअखेर ते पहिला पाऊस. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा चांगला लागतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे गोळे उठतात, वारा मिनिटात पडतो आणि मिनिटात झोत मारतो, वावटळी फिरतात. सकाळी किंवा पाचनंतरच जा. ऊन उतरल्यावरचा वारा पुष्कळ सरळ असतो.

नवख्यांसाठी ताशी १२ ते २० किलोमीटर. मापक नसेल तर डोळ्यांनी ओळखा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, तर ठीक. धूळ आणि कागद उडायला लागले, तर वारा २० च्या वर गेलाय, फक्त सरावलेल्यांनी. छोटी झाडं डोलायला लागली की आवरा. विंडीसारख्या ॲपवर सरासरी आणि झोत असे दोन आकडे दिसतात. आम्ही दुसरा आकडा आधी बघतो. सरासरी १५ आणि झोत ३० असेल तर मुलांना त्या दिवशी शेव-उसळ खायला न्यावं, पतंगाला नव्हे.

मे-जूनमध्ये क्षितिजावर काळा ढग दिसला तर तो लांब आहे म्हणून थांबू नका. पावसाच्या बराच पुढे त्याचा गार झोत धावत येतो, आणि काही सेकंदांत वारा दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, ते वर आलंय.

पहिला दिवस

पतंग उलटा, पोट आणि त्यावरच्या दोऱ्यांचं जाळं आकाशाकडे करून पसरायचा. कप्प्यांची उघडी तोंडं तुमच्यापासून लांब, मागची बंद कड तुमच्याकडे. त्या बंद कडेवर मूठमूठ वाळू किंवा माती टाका, म्हणजे तो आपणहून फुगणार नाही. मग दोऱ्या उलगडत, वारा येतोय त्या बाजूला मागे चालत या. जोराच्या दोऱ्या वर, ब्रेकच्या खाली, डावी डावीकडे. गुंता बघायला एकाने पतंगाकडे उभं राहून प्रत्येक दोरी हाताने चाचपावी. मुठी ब्रेकच्या टोकाकडून खुंटीला अडकवा. खुंटीवर असलेला पतंग म्हणजे ब्रेक लावून ठेवलेला पतंग. मुठी कधीही नुसत्या जमिनीवर ठेवून पाणी प्यायला जायचं नाही.

आता वाळू तशीच राहू द्या, किलर मनगटावर चढवा, मुठी हातात घ्या. कोणीतरी मोठ्याने ‘सोड!’ म्हणेल आणि तुम्ही मुठी सोडायच्या. परत घ्यायच्या, परत सोडायच्या. पोरांना हा खेळ वाटतो आणि ती पटकन शिकतात. जन्मभर मांजा धरलेल्या मोठ्यांची बोटं मात्र आवळूनच राहतात. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. गप्पा मारत असताना कोणीही अचानक ओरडावं आणि हात उघडावेत, इतकं ते अंगात भिनू द्या. दोन दोऱ्यांच्या पतंगाला किलर नसतील तर तिथला धडा वेगळा. जोर वाढला की पतंगाच्या दिशेने धावायचं. आपण पुढे गेलो की दोऱ्यांतला ताण जातो. हेही सवयीच्या विरुद्धच आहे, म्हणून आधी कोरडा सराव करा.

उडवताना छूट द्यायला, म्हणजे पतंग धरून वर सोडायला, समोर कोणी नको. पतंगाच्या पुढ्यात उभा राहणारा मदतनीस हा जोराच्या पट्ट्यात उभा असतो. हलक्या वाऱ्यात एक पाऊल मागे या आणि वरच्या दोऱ्या एकसारख्या ओढा. माती झडते, कप्पे भरतात, पतंग उठून सरळ वर जातो. तो १२ वर नेऊन थांबवा. पहिले काही मिनिटं एवढंच, तिथे धरून ठेवणं. हात पोटाशी, कोपर अंगाला, आणि हालचाल वीतभर. नवशिके हात डोक्यावर नेतात, त्याने काही होत नाही, फक्त तोल जातो.

मग १२ वरून थोडं ११ कडे, परत वर, १ कडे, परत वर. वळायचं नेहमी वरच्या बाजूला. पतंग एकाच दिशेने गिरक्या घेऊन दोऱ्यांना पीळ बसला तर घाबरू नका. पीळ पडूनही पतंग ऐकतो, तेवढ्याच गिरक्या उलट मारा. हे जमलं की १० ते २ मध्ये आडवे इंग्रजी आठ काढायला लागा, आणि हळूहळू आठ खाली आणा. ओढ वाढेल तसे गुडघे वाका, ढुंगण मागे टाका, बसल्यासारखे व्हा. बूट घसरायला लागले की तुम्ही पॉवर काइटिंग करताय. पोटावर ओढले जायला लागलात तर? सोडा.

सोडायचा सरावही हवेत करून घ्या. पतंग १२ वर असताना मुद्दाम मुठी सोडा आणि तो फडफडत खाली येताना बघा. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की आजीची भीती जाते आणि काकांची फुशारकीही.

उतरवायला पतंग ९ किंवा ३ कडे कडेला न्या, जमिनीजवळ आला की दोन्ही ब्रेक ओढा. खुंटीला अडकवा, धावत जाऊन कडेवर माती टाका. दोऱ्या गुंडाळताना फिरकीसारख्या गोल गुंडाळू नका, त्यात पीळ साठतो. मुठींवर इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळा.

उड्या? पतंग १२ वर झटक्यात नेला की माणूस उचलला जातो, आणि युट्यूबवर तेवढंच दाखवतात. खाली येताना पाठ आणि घोटे मोडतात ते दाखवत नाहीत. आमच्या घरात बंदी आहे.

कोण काय करेल

एक उडवणारा, एक त्याच्या मागे उभा राहून वारा आणि आकाश बघणारा, एक बघ्यांना आवरणारा. गावाजवळ पतंग काढला की दहा मिनिटांत वीस पोरं जमतात आणि सगळ्यांना दोरीला हात लावायचा असतो. ताणलेली दोरी कातडी चिरते. आजींच्या गळ्यात शिट्टी द्या. ती वाजली की पाळी संपली, वाद नाही. लहान मुलाच्या कंबरेला किंवा हार्नेसला पतंग बांधायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. मुलाच्या हातात पतंग असेल तर त्या दिवशीचा वारा मुलाच्या मापाचा हवा, बापाच्या नव्हे. लिला चिवडा आणि पाणी भरपूर न्या, मेमध्ये तहान कळायच्या आत ऊन लागतं.

दोरी, कायदा आणि पक्षी

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. आपल्या दोऱ्यांना काच नसते, त्यांनी कोणी पेच लावत नाही, पण त्या डायनीमाच्या, म्हणजे कृत्रिमच. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ही पिशवी माळ्यावरच ठेवावी, आणि एरवी नव्या जागी जाताना जवळच्या पोलीस चौकीत पतंग दाखवून बोलून घ्यावं. उत्तरायणात बाहेर न काढण्याचं आणखी एक कारण आहे. डायनीमा ताणाला दणकट, पण घासलेल्या उष्णतेला कच्ची, साधारण १४५ अंशांना वितळते. काचेच्या मांज्याचा एक घसरा आणि हजारोंची दोरी गेली.

संध्याकाळी बगळे आणि काळे शराटी थव्याने परततात, तेव्हा पतंग खाली. जखमी पक्ष्यांच्या बातम्या या शहराने दर जानेवारीत पुरेशा वाचल्यात.

देखभाल आणि पुढची हाव

नायलॉनला ऊन मारतं, त्यामुळे उडवत नसाल तेव्हा पतंग पसरून ठेवू नका. कप्प्यांतली माती घरी येऊन झटका. किनाऱ्यावरून आलात तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये कधीही नाही. छोटी चीर दोन्ही बाजूंनी रिपस्टॉपची चिकटपट्टी लावून भागते.

दुसरा पतंग कधी घ्यावा, हा प्रश्न अपेक्षेपेक्षा लवकर येतो. १२ ते १५ च्या वाऱ्यात तुम्ही पतंग न पाडता सलग अर्धा तास आठ काढत असाल आणि सोडायची वेळ आली तेव्हा विचार न करता हात उघडत असाल, तर एक माप मोठा घ्या, आणि तो फक्त हलक्या वाऱ्यासाठी. तीनचाकी बग्गीचा मोह त्यानंतर होतो. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९०च्या सुमारास ती लोकप्रिय केली. पायाने वळवायची, पतंगाने ओढायची. पण तिला घट्ट, सपाट, लांबलचक जमीन लागते आणि ती बडोद्याभोवती फार थोडी आहे. बग्गीचे पैसे आधी रामेश्वर किंवा गोव्यातल्या मोरजीला काइटसर्फिंग शिकवणाऱ्यांकडे चार दिवस जाण्यावर घाला. तिथला शिक्षक तुमचे हात बघून पाच मिनिटांत सांगतो की बग्गी घ्यायची वेळ आली की नाही.